मशीनताईचे मशीन

मित्रांनो, मी एक जुने गटिंग मशीन आहे. नाव ऐकून तुम्ही गोंधळला असाल, तर त्यात तुमची काही चूक नाही. टेनिसच्या रॅकेटला जी जाळी असते, ती काही रॅकेटबरोबर उगवत नाही. तार ओवावी लागते, ताणावी लागते, खेळून खेळून ती तुटली की पुन्हा नवी ओढावी लागते. या कामाला गटिंग म्हणतात. मैदानावर चेंडू कसा सणसणत गेला, हे सगळे बघतात. ती तार कुणी ओढली, हे विचारायला कुणी येत नाही. मला त्याची सवय आहे. पण आज एकदा बोलते, कारण मी सांगणार आहे ती गोष्ट माझ्याखेरीज दोघींनाच ठाऊक आहे आणि त्या दोघी बोलणार नाहीत.

सध्या माझा मुक्काम एका घराच्या मागच्या बाल्कनीत आहे. डोक्यावर कपडे वाळत घालायची दोरी, शेजारी अर्धवट संपलेले रंगाचे डबे आणि एक पाय मोडलेली खुर्ची. अंगावर फाटकी चादर आहे. ओल्या टॉवेलांचे पाणी टपटपत माझ्यावर पडते आणि मला गंज चढतो. पण गंजाचे रडगाणे मी गाणार नाही. गंज सगळ्यांनाच चढतो.

माझा जन्म झाला त्या कारखान्यात विजेवर चालणारी, आकडे दाखवणारी ऐटबाज मशीनेही बनत. मी त्यांतले नव्हे. लोखंडाची एक बैठक, रॅकेट घट्ट धरायला पकडी, तार धरायला दोन चिमटे आणि एक लांब दांडा. दांड्यावर सरकणारे एक गोल वजन. तार दांड्यात अडकवायची आणि दांडा सोडायचा. वजनाने तो खाली येतो आणि तार ताणली जाते. तो अगदी आडवा थांबला, की ताण बरोबर. वर राहिला किंवा खाली लोंबला, तर तार सोडून पुन्हा ओढायची. ना बटण, ना दिवा. पण मी कधी खोटे बोलत नाही, एवढा एक गुण माझ्यात आहे.

मला विकत घेतले ते शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या एका गृहस्थांनी. त्यांना दोन मुली. थोरलीला सगळे ताई म्हणत आणि धाकटीला नुसते धाकटी. ही धाकटी दुकानामागच्या भिंतीवर दिवसभर चेंडू मारत बसे. भिंतीपलीकडचे लोक कुरकुर करत, तरी तिचा हात थांबत नसे. क्लबातला गटिंगवाला तिची रॅकेट आठवडाभर अडकवून ठेवी आणि वर तार सैल ओढून देई. शेवटी बाबा वैतागले आणि मला घेऊन आले.

खोके उघडले तेव्हा आई म्हणाली, "अहो, हे काय आणलंत? मला वाटलं, मिक्सर आणलात."

"धाकटीसाठी आहे," बाबा म्हणाले.

"ते कळलं. पण आता आपण जेवायचं कुठं?"

जेवायच्या टेबलाचे एक टोक कायमचे माझे झाले. बाबांची बोटे आयुष्यभर सुईदोऱ्यात वावरलेली होती, त्यामुळे त्यांना माझी नाडी लवकर सापडली. सुरुवातीला एकदा मात्र फजिती झाली. तार ताणलेली असताना फोन वाजला, बाबांनी तो घ्यायला हात काढला आणि दांडा जो उसळला, तो थेट त्यांच्या कपाळावर. कपाळाला टेंगूळ आले आणि रॅकेटला तडा गेला. कपाळापेक्षा रॅकेटचेच त्यांना जास्त लागले. त्या दिवसापासून त्यांनी घरात नियम केला. तार हातात असताना फोन जवळ ठेवायचा नाही, तो दुसऱ्या खोलीत. धाकटीला गटिंग शिकवताना हा नियम त्यांनी आधी शिकवला आणि तार ओढणे नंतर. धाकटीने तो जन्मभर पाळला.

ते दिवस सुखाचे होते. धाकटी शाळेच्या वयात जिंकू लागली. मोठ्या मुलींना तिने पाणी पाजले. एकदा वर्तमानपत्रात तिचा फोटो आला, चषक टेबलावर ठेवून काढलेला. त्या फोटोच्या कोपऱ्यात माझा एक पाय दिसतो. आईने तो फोटो चौकटीत बसवून भिंतीवर लावला आणि आल्या-गेल्याला दाखवला. धाकटी तर दाखवायला लागली की माझ्या पायावरही बोट ठेवी. मित्रांनो, मला कुणी कधी चषक दिला नाही, पण त्या बोटाने माझे पोट भरे.

मग ती व्यावसायिक खेळाडू झाली. इथून पुढे उतारच आहे, तेव्हा धीर धरून ऐका.

व्यावसायिक खेळाडू म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर दिवे, गर्दी आणि टाळ्या येत असतील. धाकटीच्या वाट्याला आल्या त्या स्पर्धांत मैदानाच्या भेगांतून गवत उगवलेले असे. चेंडू कुंपणाबाहेर गेला, तर खेळाडूनेच जाऊन आणायचा. बघायला रखवालदार आणि कुणाची तरी आई. जिंकले तर मोजके गुण मिळत आणि जागतिक क्रमवारीत नाव चार घरे वर सरके. हरले तर त्याच संध्याकाळी पुढच्या गावाची बस. ते गुणही कायमचे नसतात बरे का. वर्ष झाले, की गळून पडतात. म्हणजे गेल्या वर्षी जिथे उभे होतो, तिथेच राहायला यंदा पुन्हा तितकेच धावायचे. धाकटी पहिली फेरी जिंके आणि दुसरी हरे. असे एका गावात झाले, दुसऱ्या गावात झाले, वर्षानुवर्षे तेच होत राहिले.

मी तिच्या सुटकेसमध्ये असे, मोज्यांच्या गुंडाळ्यांत. माझे वजन एवढे, की विमानतळावर तिला अंगावर तीन-तीन शर्ट आणि वर जॅकेट चढवावे लागे. काउंटरवरचा माणूस विचारी, "यात काय आहे एवढं जड?"

"माझं ऑफिस," धाकटी सांगे आणि घाम पुसे.

दुसऱ्यांच्या रॅकेटा तिने घेतल्या त्या आधी ओळखीखातर. मग ओळखीचे वाढले. मग लक्षात आले, की तिकिटाचे आणि खोलीचे भागते आहे ते टेनिसवर नव्हे, माझ्यावर. तिचा हातच तसा होता. दांडा आडवा थांबेपर्यंत ती सोडत नसे, कितीही घाई असो. नव्या, कोवळ्या मुली तिला मशीनताई म्हणू लागल्या. मैदानात शिरताना त्या तिच्या पाया पडायच्या तेवढ्या बाकी राहिल्या आणि आत शिरल्यावर तिलाच हरवून बाहेर येत. "मशीनताई, तार काय बसलीय!" असे वर कौतुक. धाकटी हसे. मला हसू येत नसे. सामना संपला, की बाकीच्या मुली पाय वर करून पडत आणि ही गुडघ्याला बर्फ बांधून माझ्यापुढे उभी राही. बोटांच्या पेरांना चिरा पडल्या होत्या. सकाळी त्याच बोटांनी तिला रॅकेट धरायची असे. माझ्यामुळे ती खेळत राहिली हे खरे, आणि माझ्यापायी ती थकून हरली हेही खरे. यातले कोणते जास्त खरे, हे मला आजवर ठरवता आले नाही.

तिची एक मैत्रीण होती. फटका मारताना दातांतून शीळ घाली, म्हणून तिला सगळे शिट्टी म्हणत. दोघी दुहेरीत जोडीदार, खोलीही एकत्रच घेत, एकाच बादलीत मोजे भिजवत. शिट्टीचा फटका जोरकस, त्यामुळे तिच्या तारा सारख्या तुटत. धाकटी तिच्याकडून कधी काही घेत नसे. मी काम करत असे आणि शिट्टी पलंगावर मांडी घालून, कोण कुणाशी बोलत नाही, कुणाच्या प्रशिक्षकाने कसा गोंधळ घातला, हे रंगवून रंगवून सांगे. धाकटी हसून हसून बेजार होई. एरवी तिच्याशी बोलायला होते कोण? ताईचा मुलगा तीन वर्षांचा झाला, तरी त्याला वाटे, मावशी फोनमध्येच राहते. घरी गेली तेव्हा तो तिला बघून आईच्या मागे लपला होता.

आणि मग ते वर्ष आले. लागोपाठ दोन स्पर्धांत धाकटी चांगली खेळली. कशी कोण जाणे, दुसरी फेरी ओलांडली, तिसरीही. क्रमवारीत नाव एवढे वर आले, की एका मोठ्या स्पर्धेची पात्रता फेरी हाताशी आली. मोठी म्हणजे खरोखर मोठी, जिचे सामने घराघरांत दिसतात. मुख्य स्पर्धेच्या आधी ही पात्रता फेरी असते. तिच्यात नुसते उतरले, तरी वर्षभराची ददात मिटते. माझ्यासमोर उभे राहून दुसऱ्यांच्या तारा ओढाव्या लागत नाहीत.

तिने घरी फोन केला तेव्हा मी पलंगाखालीच होते.

"आई, यंदा पात्रता फेरीत उतरले ना, तर पुढचं बघू. नाहीतर बास. मी दमलेय गं."

"मग ये ना घरी," आई म्हणाली. "कुणी तुला जा म्हटलंय का?"

"एवढी एक स्पर्धा. मग येते."

मग बाबांनी फोन घेतला. त्यांना बहुधा पुष्कळ काही म्हणायचे होते. ते एवढेच म्हणाले, "मशीनला तेल दिलंस का?"

"दिलं, बाबा."

यादी लागली. शिट्टीचे नाव फेरीत होते. धाकटीचे नाव फेरीत नव्हते, पण राखीव यादीत अगदी पहिले होते. राखीव म्हणजे काय, तर खेळणाऱ्यांपैकी कुणी आजारी पडली, कुणाचा पाय मुरगळला, तर तिच्या जागी पहिल्या राखीव खेळाडूला पुकारतात. पुकारले, की पाच-दहा मिनिटांत टेबलापाशी हजर व्हायचे. नाही आली, तर पुढचे नाव. त्यामुळे राखीव खेळाडू बूट बांधून बसून राहते आणि कुणाचे तरी वाईट व्हावे अशी वाट बघते. धाकटीला या गोष्टीची लाज वाटे, पण ती बसली.

ती जागा काय वर्णावी! चकचकीत फरश्या, थंडगार हवा. काचेच्या खोलीत अधिकृत गटिंगवाले, त्यांची विजेची मशीने, एका रंगाचे शर्ट. बाहेर पाटी होती, की आवारात दुसऱ्या कुणीही गटिंग करू नये, आढळल्यास कारवाई होईल. मी सुटकेसमध्ये गपगार होते. विश्रामकक्षात दाराजवळच्या खुर्चीवर धाकटी बसून होती, डोक्यावर नावे पुकारणारा छतातला भोंगा. पहिल्या दिवशी कुणाचा पाय मुरगळला नाही. दुसरा दिवस पहिल्या फेरीचा शेवटचा. दुपार झाली, मोजके सामने उरले.

तेवढ्यात शिट्टी धावत आली. सरावात तिची तार तुटली होती, दुसऱ्या रॅकेटला आदल्या दिवशीच तडा गेला होता आणि तिसरी काचेच्या खोलीत रांगेत अडकली होती.

"माझा सामना आलाच. तू ओढून दे ना गं."

"वेडी आहेस का? पाटी नाही वाचलीस?"

"पलीकडं कपडे धुण्याची खोली आहे. तिथं कुणी फिरकत नाही. तुला काय, डोळे झाकून होतं!"

धाकटीने वर भोंग्याकडे पाहिले. टेबलावरच्या बाईंना सांगून जावे, तर कुठे आणि कशाला, हे विचारणार. सांगितले, तर राखीव यादीतूनच नाव जायचे.

"तू इथं बस," ती शिट्टीला म्हणाली. "माझ्या बॅगेपाशी. फोन बॅगेत आहे. माझं नाव आलं, तर पळत ये. काहीही असो, पळत ये."

"येते गं. जा तू."

कपडे धुण्याच्या खोलीत मोठमोठी यंत्रे घरघरत होती. धुतलेल्या टॉवेलांच्या चळती लागल्या होत्या. धाकटीने दार लोटले, घड्या घालायच्या टेबलावर मला उभे केले आणि कामाला लागली. उभ्या तारा झाल्या. मग आडव्या, एक वरून, एक खालून. दांडा सोडायचा, आडवा थांबला की चिमटा लावायचा. त्या घरघरीत बाहेरचे काही म्हणजे काही ऐकू येत नव्हते. धाकटी गुणगुणत होती. तिच्या हाताला वेग होता, पण एकही तार तिने अंदाजाने सोडली नाही. शेवटची गाठ मारत होती तोच दार उघडून शिट्टी आत आली.

"झालं?"

"झालं. माझं नाव?"

"नाही अजून."

एरवी शिट्टी रॅकेट हातात आली, की तळहातावर आपटून तारांचा आवाज ऐके. आज ऐकला नाही. तिने धाकटीकडे पाहिलेही नाही. "जाते गं," म्हणाली आणि गेली.

धाकटीने मला पुसले, सुटकेसमध्ये ठेवले आणि विश्रामकक्षात परत आली. पुढचे मला दिसले नाही, पण ऐकू सगळे आले.

"अहो, होतात कुठं तुम्ही?" टेबलावरच्या बाई म्हणाल्या. "एकीनं ऐनवेळी माघार घेतली. तीनदा तुमचं नाव पुकारलं. फोन केले. वेळ संपली, मग दुसऱ्या मुलीला पाठवलं. ती बघा, चालली मैदानात."

बाई बोलतच होत्या.

"कपडे बदलायची खोली पाहिली, सरावाची मैदानं पाहिली, दवाखाना पाहिला. खेळाडू असतात त्या सगळ्या जागा पाहिल्या हो आम्ही. तुमच्या मैत्रिणीला विचारलं, ती बॅगेपाशीच बसली होती. म्हणाली, मला माहीत नाही."

मित्रांनो, सुटकेस बराच वेळ जागची हलली नाही. मग धाकटीचा आवाज आला. "मी या भिंतीपलीकडंच होते."

"तिथं? तिथं काय करत होतात?"

"काही नाही," धाकटी म्हणाली.

काय सांगणार? गटिंग करत होते म्हणून सांगितले असते, तर मैत्रिणीचेही नाव आले असते. आणि ते सांगून गेलेला सामना परत थोडाच मिळणार होता? भांडावे तरी कुणाशी? बाईंनी खरोखरच सगळीकडे शोधले होते. जिथे खेळाडू असतात, तिथे धाकटी नव्हती, हेही खोटे नव्हते.

शिट्टी तो सामना जिंकली. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही उतरलो होतो त्या एका खिडकीच्या खोलीत ती रॅकेट हातात धरून उभी राहिली. तार पुन्हा तुटली होती. रात्रभर दोघी पाठीला पाठ लावून पडल्या होत्या.

"मी येणारच होते गं," शिट्टी म्हणाली. "उठलेही होते. पण तू गेली असतीस, तर माझी रॅकेट अर्धी राहिली असती. मी तरी काय करणार होते? मलाही हेच एक..."

धाकटीने मला टेबलावर ठेवले. रॅकेट घेतली, पकडी आवळल्या.

"ताण किती ठेवू?" तिने विचारले.

आजवर शिट्टीला तिने हे कधी विचारले नव्हते. तो ताण तिला तोंडपाठ होता. हे ती अनोळखी मुलींना विचारत असे. शिट्टी मटकन पलंगावर बसली आणि रडू लागली, आणि धाकटी तार ओवू लागली. मला वाटले, आज हिचा हात चुकेल. निदान एखाद्या तारेला हिला वाटेल, की दांडा जरा वर राहिला तर राहू दे. नाही. प्रत्येक तार तिने दांडा आडवा थांबेपर्यंत ओढली. मी आयुष्यात पुष्कळ रॅकेटा पाहिल्या. इतके नीट गटिंग मी दुसरे पाहिले नाही आणि इतके दुःखही नाही.

आम्ही घरी आलो. दारात बाबा उभे होते.

"काय झालं गं?"

"नाव आलंच नाही, बाबा."

बाबांनी सुटकेस तिच्या हातातून घेतली. मग म्हणाले, "नाही तर नाही. पुढच्या वर्षी येईल."

"हो," धाकटी म्हणाली.

खरे ती कसे सांगणार? तार हातात असताना फोन जवळ ठेवायचा नाही, हा नियम त्यांचा. तो पाळला नसता, तर खिशातला फोन तरी थरथरला असता. हे बाबांना कळले असते, तर पोरीची संधी आपल्याच नियमाने घालवली, असे म्हणत ते उरलेले दिवस झुरले असते. म्हणून तिने ते गिळले. पुढचे वर्ष आले, पण ती कुठे गेली नाही. गुण एकेक करून गळून पडले आणि एके दिवशी क्रमवारीत तिचे नाव दिसेनासे झाले. कुणी पुसले नाही, आपोआप गेले.

आता ती खेळाच्या सामानाच्या एका दुकानात गटिंग करते. तिथे विजेचे मशीन आहे. लोक लांबून तिच्याकडे येतात आणि विचारतात, "तुम्ही कधी खेळला होतात का हो?" ती म्हणते, "थोडंफार."

बाबा अधूनमधून बाल्कनीत येतात. हात आता कापतो, तेलाचे निम्मे थेंब फरशीवर पडतात. तरी माझा दांडा पुसतात, चादर नीट करतात आणि हळूच म्हणतात, "असू दे तयार. पुढच्या वर्षी लागेल तिला." स्वयंपाकघराच्या दारात धाकटी हातात टॉवेल घेऊन उभी असते. ती ऐकते आणि ते आत जाईपर्यंत कपडे वाळत घालायला बाहेर येत नाही.

मित्रांनो, अशा गोष्टींच्या शेवटी आम्ही वस्तू म्हणतो, की आम्हाला जपा, पुसा, फेकू नका. मला आता तेलाचेही अप्रूप राहिलेले नाही. माझे एवढेच मागणे आहे. उद्या तुम्ही मोठे व्हाल, एखाद्या टेबलामागे बसाल, कुणाचे तरी नाव पुकाराल. ती समोर आली नाही, तर लगेच पुढचे नाव घेऊ नका. चांगल्या जागा सगळ्या बघून झाल्या, की मागची दारेही एकदा उघडून बघा, यंत्रे घरघरतात ती, टॉवेलांच्या चळती असतात ती. ती तिथेच उभी असेल, पायात बूट घट्ट बांधून.